गुप्तेबाईंची तोंडी परीक्षा

आमच्या क्लबचं सभासद व्हायचं असेल तर आधी गुप्तेबाईंच्या होडीत तासभर गप्प बसावं लागतं. फी, फोटो, आधार कार्ड हे सगळं नंतर. होडीत एक अक्षर जरी तोंडातून निघालं तरी उमेदवार नापास. या प्रकाराला आम्ही तोंडी परीक्षा म्हणतो.

क्लब म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे येईल ते कृपया पुसून टाका. बाळकुमच्या मागे, टॉवरांच्या गर्दीत एक तलाव कसाबसा शिल्लक राहिलाय. त्याच्या काठावर पत्र्याची शेड, एक लाकडी धक्का, शिडाच्या चार-पाच होड्या आणि चहाची किटली, एवढाच आमचा क्लब. त्यासाठी मी दर रविवारी डोंबिवलीहून शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये घाम गाळत येतो. तलाव एवढासा, की वारा बरा असला तर कपातला चहा निवायच्या आत पलीकडचा काठ येतो. मग होडी वळवायची आणि अलीकडे यायचं. मग परत पलीकडे.

बहुतेक उमेदवार तिसऱ्या वळणावर विचारतात, "मॅडम, आपण नक्की चाललोय कुठे?"

बाई तिथल्या तिथे सुकाणू फिरवून होडी धक्क्याला लावतात. "ज्याला कुठे तरी जायचंय त्याने रिक्षा करावी," असं म्हणून उमेदवाराला हात देऊन उतरवतात. मौनाची शिबिरं घेणारे एक योगशिक्षक पहिल्याच फेरीत असे रिक्षाला लागले. मी मात्र पहिल्या फटक्यात पास झालो. मला पोहता येत नाही आणि भीतीने माझ्या घशातून आवाजच फुटत नव्हता. बाईंनी माझ्या अर्जावर 'स्वभाव शांत' असा शेरा मारला. तो मी घरी बायकोला दाखवलेला. ती हसायची थांबेना.

बाईंचं पूर्ण नाव नलिनी गुप्ते. राहणार नौपाडा, एकट्या. सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात काढली. आयुष्यभर दुसऱ्यांची बडबड कानावर पडली, आता कानांना पेन्शन हवी, असं त्या म्हणतात. लग्न का केलं नाही, असं कोणी तरी एकदा विचारलेलं. बाई म्हणाल्या, "बघायला जे जे आले ते सगळे बोलत होते."

एक्सचेंजची एक सवय मात्र सुटलेली नाही. समोरचा लांबण लावायला लागला की बाई, ट्रंक कॉल तोडण्याआधी सांगत तशा थंड आवाजात म्हणतात, "तीन मिनिटं झाली." वार्षिक सभेत आमचे अध्यक्ष डॉक्टर साने यांना हे वाक्य दरवर्षी ऐकावं लागतं. साने दातांचे डॉक्टर. त्यांच्यापुढे जो बसतो त्याचं तोंड उघडं असूनही त्याला बोलता येत नाही, त्यामुळे मध्ये तोडलं जाण्याची त्यांना सवय नाही.

अशा या बाईंच्या होडीत एका रविवारी गजाशेठ म्हात्रे येऊन बसले.

गजाशेठ बाळकुमचे मूळचे. पूर्वी घरची भातशेती होती, खाडीकडे मिठागर होतं. आता तिथे टॉवर आहेत आणि त्यातल्याच एकात गजाशेठ राहतात. क्लबच्या धक्क्याकडे जाणारी पायवाटही त्यांच्याच जमिनीतून जाते. पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची चेन, पायात साधी स्लीपर अशा थाटात ते आले आणि म्हणाले, "आमच्या म्हशी धुवाच्या या तलावान. तुमी रोज हितं काय करता ते बघाचा हाय. माना पन मेंबर करा."

साने हरखून गेले. पायवाटेचा मालकच सभासद झाला तर वाटेची कायमची चिंता मिटेल, असा त्यांचा हिशेब. गजाशेठनी त्यांना दोनदा सांगितलं की वाट त्यांच्या आजापासूनची आहे, ती कोण कशाला बंद करील. पण फुकट मिळालेल्या आश्वासनावर विश्वास ठेवायचा नाही, हे सान्यांचं तत्त्व.

प्रश्न फक्त परीक्षेचा होता. गजाशेठ होडीत पाय ठेवतानाच बोलायला लागले. "बाई, होरी डाव्या अंगाला झुकतेय," इथून सुरुवात झाली, ती होडी लांब जाऊन आवाज काठावर ऐकू येईनासा होईपर्यंत चालूच होती. तासाभराने परत आले तेव्हाही बोलतच होते. बाईंनी दोर खुंट्याला गुंडाळला आणि म्हणाल्या, "नापास. पुढच्या रविवारी या."

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. साने कासावीस झाले. त्यांनी गजाशेठना तोंडात विड्याचा तोबरा धरून बसायचा सल्ला दिला, स्वतः दातांचे डॉक्टर असून. गजाशेठनी तलावाच्या मध्यावर तोबरा थुंकला आणि बोलायला लागले. बाईंनी त्यांच्याकडून शेडच्या मागच्या सगळ्या पिचकाऱ्या धुऊन घेतल्या, ज्या त्यांनी मारल्याच नव्हत्या. त्यांनी त्याही धुतल्या, बोलत बोलत.

शेवटी सान्यांनी कमिटीत ठराव आणला, की म्हात्र्यांना परीक्षेशिवाय मानद सभासद करावं. बाईंनी तीन मिनिटं झाल्याचं सांगितलं. पण ठराव पाडला तो गजाशेठनीच. वशिल्याने नको, परीक्षा देऊनच पास होणार, असा त्यांनी निरोप पाठवला.

एक गोष्ट मात्र माझ्या उशिरा लक्षात आली. उमेदवार बोलला की बाई होडी लगेच धक्क्याला लावतात, हा आजवरचा शिरस्ता. गजाशेठना त्या पूर्ण तासभर फिरवून आणत होत्या. कधी कधी त्याहूनही जास्त.

दिवाळीनंतर गजाशेठ यायचे बंद झाले. बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं ऑपरेशन झालं, अशी बातमी चहावाल्याकडून आली. बाईंनी त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. एकट्याच होडी घेऊन जायच्या आणि दोन फेऱ्यांत परत यायच्या. वारा नाही म्हणायच्या. वारा असायचा. असे काही रविवार गेले आणि एकदा चप्पल घालता घालता त्या मला म्हणाल्या, "गाडी आहे ना तुमची? म्हात्र्यांकडे सोडा मला. तुम्हीही वर चला, मला लिफ्टची बटणं कळत नाहीत."

घर वरच्या मजल्यावर, ऐसपैस. दार सुनेने उघडलं. आम्ही क्लबमधले म्हटल्यावर ती जरा गोंधळली. मी सहज म्हटलं, की बाबांच्या गप्पांशिवाय आम्हाला चैन पडत नाही.

"गप्पा?" ती म्हणाली. "आमचे बाबा?"

मग तिने हळू आवाजात सांगितलं. सासूबाई गेल्यापासून बाबा घरात बोलतच नाहीत. जेवायला हाक मारली की येतात, हो-नाही करतात, बस. मुलगा कामात, नातवंडं मोबाइलमध्ये. डॉक्टरांनासुद्धा दाखवलं. ती सांगत होती आणि मी बाईंकडे बघत होतो. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसेना.

गजाशेठ खिडकीशी आरामखुर्चीत होते. शेजारी वॉकर. आम्हाला बघून त्यांनी हात जोडले आणि परत बाहेर बघायला लागले. बाई समोर बसल्या. मी तब्येतीचं विचारलं, त्यांनी मान हलवली. मग कोणीच बोलेना. परीक्षा म्हणून पाहिलं तर माणूस विशेष प्रावीण्यासह पास होत होता. मला ते बघवेना.

मग गुप्तेबाईंनी घसा साफ केला. मी त्यांना आजवर कोणालाही बोलतं करताना पाहिलेलं नव्हतं.

"म्हात्रे," त्या म्हणाल्या, "उधाणाचं पाणी मिठागरात शिरलं होतं. तुमचे वडील एकटेच बांधावर, फावडं घेऊन. पलीकडच्या बांधावरून एक मुलगी ओरडत होती. आणि तेवढ्यात तास संपला, मी तुम्हाला धक्क्यावर उतरवलं. पुढे काय झालं?"

गजाशेठनी मान वळवली. बाईंकडे बघत राहिले. "तुमी आयकत होता?"

"दुसरं काय केलंय मी आयुष्यात," बाई म्हणाल्या.

गजाशेठनी खुर्चीत जरा सरकून घेतलं. मग म्हणाले, "ती वरडत होती का फावरा टाक नि पल. आन् आमचा बापूस बहिरा, डाव्या कानान..." आणि सुरू झाले. सून चहाचा ट्रे घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. थोड्या वेळाने तिने ट्रे खाली ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसली. आतून नातू आला. बाई हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या, घड्याळाकडे न बघता.

आम्ही निघालो तेव्हा अंधार पडलेला. लिफ्टमध्ये मी बाईंना म्हटलं, की आता गजाशेठना पास करून टाकायला हरकत नाही.

"इतक्यात नको," गुप्तेबाई म्हणाल्या. "त्यांच्या वडिलांचं लग्न व्हायचंय अजून."