चार बोटं जागा

तीन मजली केक व्हॅनमध्ये चढला, दार लागलं, आणि मग केकवाल्या बाईंच्या नवऱ्याच्या लक्षात आलं की व्हॅन इमारतीच्या तळघरातून बाहेर निघणारच नाही.

परवापर्यंत ही व्हॅन रस्त्यावर उन्हात उभी असायची, कारण तळघराच्या तोंडावरच्या बीमपेक्षा ती जराशी उंच होती. उन्हातून केक नेताना क्रीम रडायला लागायचं. म्हणून व्हॅन बुटकी करायचं ठरलं. बायकोची अट एकच होती, "गाडी हवी तेवढी खाली आणा, पण माझा केक हलता कामा नये." शेजारच्या गॅरेजातल्या मिस्त्रीने आखूड आणि नरम स्प्रिंगा बसवल्या. आपल्या कामात खोट निघाली असं या मिस्त्रीने वीस वर्षांत एकदाही कबूल केलं नव्हतं. काल संध्याकाळी नवऱ्याने मेहुण्याचं अख्खं कुटुंब बसवून चक्कर मारली आणि गाडी डुलत डुलत तळघरात आणली. पाहुणे उतरले, आणि हलकी झालेली गाडी स्प्रिंगांवर गुपचूप उंच झाली.

आता सव्वादहा वाजले होते. अकराला केक हॉटेलात हवा होता. हॉटेलची ही पहिलीच ऑर्डर. ही वेळेत पोचली तर पुढच्या सगळ्या मिळणार होत्या.

"अहो, काल आत आलेली गाडी आज उंच कशी झाली?" बायकोने आवाज न चढवता विचारलं. या आवाजाला नवरा जास्त घाबरायचा.

मिस्त्री धावत आला, वाकून बघून म्हणाला, "काम चोख आहे वहिनी. तुम्हाला खाली पण पाहिजे अन् मऊ पण पाहिजे. मऊ स्प्रिंग वजन आलं की दबते. वजन टाका, निघेल."

"चाकांतली हवा सोड की," नवऱ्याची आई म्हणाली.

"सोडतो आई," मिस्त्री म्हणाला. "मग गचके बसतील, हॉटेलात केक चमच्याने भरून द्या."

"किती वजन लागेल?" नवऱ्याने विचारलं.

"केक सोडून चारशे वीस किलो. स्प्रिंग माझी आहे, मला पाठ आहे."

वरच्या मजल्यावरून शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आणि दातांचे डॉक्टर बोलावले गेले. मिस्त्रीने खडू काढला आणि बीमजवळच्या भिंतीवर वजनं लिहायला घेतली.

"बाई, तुमचं?"

"बावन्न. शाळेत होते तेव्हापासून बावन्नच."

"शिकवायला होतात तेव्हा, की शिकायला?" डॉक्टर पुटपुटले. त्यांची पाळी आली तेव्हा पोट आत ओढून त्यांनी "बासष्ट" सांगितलं. आईने "पंचावन्न, तेही चपलांसकट" म्हटलं. बायकोने नवऱ्याच्या डोळ्यांत बघत "चोपन्न" सांगितलं. नवरा छतावरचे पाइप मोजू लागला. आपण तरी खरं सांगायचं असं त्याने ठरवलं होतं, पण तोंडातून "अडुसष्ट" निघालं. मिस्त्रीने स्वतःचे साठ न बोलताच लिहिले.

बेरीज तीनशे एक्कावन्न झाली. एकोणसत्तर किलो कमी.

"संपलं," बायको म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन दिवस ती या केकपुढे उभी होती. नवऱ्याला फार वाईट वाटलं.

"बसून तर बघू," आई म्हणाली.

वॉचमनला बीमपाशी उभं केलं. एकेक जण चढला, केकभोवती अंग चोरून बसला, आणि दर माणसागणिक गाडी हुश्श करत खाली गेली.

"या, या," वॉचमनने हाक दिली. "आरामात या. कालच्यापेक्षा मोकळं आहे. चांगली चार बोटं जागा आहे."

गाडी बाहेर आली. खोटं बोलणारे आपण एकटेच, असं प्रत्येकाला वाटत होतं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या, डॉक्टर केककडे.

वॉचमन भिंत वाचून खिडकीशी आला. "साहेब, इथे तर एकोणसत्तर कमी लिहिलंय. मग हे जास्तीचं वजन कुणाचं?"

पाच जणांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने सगळ्यांकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटावर ताणलेल्या पट्ट्याकडे.

"स्प्रिंगा," तो मान खाली घालून म्हणाला, "माझ्याच जरा जास्त नरम निघाल्या."

"तरीच," पाचही जण एकदम म्हणाले, आणि केक जराही न हलता हॉटेलकडे निघाला.