वॉटर रेझिस्टंट अंगठा

आबांच्या उजव्या अंगठ्यात घड्याळाची स्प्रिंग घुसली आणि तिथून सगळं बिघडत गेलं. जखम म्हणाल तर मोहरीएवढी. पण लक्ष्मीपुरीत चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचा उजवा अंगठा म्हणजे त्याचं अर्धं दुकान. चिमटा धरायला तोच लागतो, आणि तो तर दुसऱ्याच दिवशी ठणकायला लागला.

"डॉक्टरकडं जावा," त्यांच्या पत्नी विमलाबाई म्हणाल्या.

"डबा काढ," आबा म्हणाले.

डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. घरातल्या यच्चयावत आजारपणांतून उरलेल्या गोळ्या त्यात होत्या. आबांचा नियमच होता, डॉक्टरनं पाच दिवसांच्या दिल्या की दोन दिवस खायच्या, आणि बरं वाटलं की उरलेल्या डब्यात. "पावणं गेल्यावर पान कशाला वाढायचं?" असं ते वर विचारायचे. शेजारच्या चिमणाबाई तर विरजण मागायला यावं तशा गोळ्या मागायला यायच्या, आणि आबा द्यायचेही. फुकट डॉक्टरकी करणाऱ्याला गल्लीत मान असतोच.

तर दोन दिवस पांढरी गोळी झाली. उतार नाही. दोन दिवस लाल-पिवळी कॅप्सूल झाली. मग एक लांबट गोळी, जिचं नावही पुसून गेलं होतं. अंगठा वांग्यासारखा फुगला आणि रंगही वांग्याचाच आला. चहाचा कप धरवेना. आबा मनातून पार घाबरले होते, पण बोलून दाखवतील तर शपथ.

शेवटी विमलाबाईंनी त्यांना डॉक्टर निशिगंधांपुढे नेऊन बसवलं. डॉक्टरबाईंनी पू तपासायला पाठवला. "रिपोर्ट आला की लगेच या. आणखी चढलं तर अंगठ्यावर बेतंल," एवढंच त्या म्हणाल्या.

ते तीन दिवस आबा घरी डाव्या हातानं चिमटा धरायला शिकत होते. एकच स्क्रू तीनदा उडाला आणि तिन्ही वेळा कॉटखाली गेला. तिसऱ्यांदा आबांनी तो शोधलाच नाही.

रिपोर्ट आला. आबांनी सवयीनं डोळ्याला भिंग लावलं. औषधांची अकरा नावं, आणि प्रत्येकापुढे एक इंग्रजी शब्द.

"रेझिस्टंट," आबांनी वाचलं. "रेझिस्टंट. हितंबी रेझिस्टंट. अगं, धा ठिकाणी रेझिस्टंट हाय की."

"म्हंजे चांगलं का वाईट?"

"घड्याळाच्या पाठीवर काय लिवलेलं असतंय? वॉटर रेझिस्टंट. बुडवा न्हायतर भिजवा, आत काय शिरत न्हाय. एक नंबर माल."

विमलाबाईंनी देवाला हात जोडले. पण आबांचं भिंग शेवटच्या ओळीवर अडकलं होतं.

"हितं सेन्सिटिव्ह लिवलंय."

"म्हंजे?"

"नाजूक. ह्या एका औषधाला आपण नाजूक हाय."

झालं. दहा ओळींचा आनंद त्या एका शब्दानं गिळला. आबांना घास जाईना. चिमणाबाई धीर द्यायला म्हणून आल्या आणि "आमच्या मलकापूरच्या मामालाबी एक औषध सोसलं न्हाई," असं सांगून गेल्या. मामाचं पुढं काय झालं, हे विचारायची आबांची छाती झाली नाही.

दवाखान्यात शिरल्या शिरल्या ते म्हणाले, "डॉक्टर, पायजे ती गोळी द्या. तेवढं एक औषध सोडून."

"तेवढं एकच द्यायचंय."

"अवो, त्याला मी नाजूक हाय. बाकी धांना वॉटर रेझिस्टंट."

डॉक्टरबाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांना हसावं की रागवावं ते कळेना. "आबा, घड्याळ तुमी न्हाय. घड्याळ म्हंजे तुमच्या अंगठ्यातले जंतू. धा औषधं त्यांच्या आत शिरत न्हाईत."

आबा हळूच म्हणाले, "एवढं पक्कं केलं कुणी त्यास्नी?"

"तुमीच की. दोन दिवसांत मेले ते लेचेपेचे. चिवट तेवढे उरले, आणि तुमी गोळी बंद केली. मग त्यांचीच पिलावळ वाढली."

"आणि हे अकरावं चाललं न्हाई तर?"

डॉक्टरबाईंनी पेनाचं टोक अंगठ्याच्या बुडाशी आडवं फिरवलं. आबांना उत्तर मिळालं.

चौदा गोळ्या. सकाळी आठला एक, रात्री आठला एक. चौथ्या दिवशी सूज उतरली, चिमटा धरला गेला आणि स्क्रू पहिल्या झटक्यात जागेवर बसला. आबांचे डोळे भरून आले. हात मात्र सवयीनं उरलेल्या गोळ्या घेऊन डब्याकडे निघाला.

"पावणं गेलं वाटतं?" विमलाबाईंनी विचारलं.

आबांनी गुमान गोळी गिळली. चौदाच्या चौदा खाल्ल्या आणि डबा नेऊन डॉक्टरबाईंच्या स्वाधीन केला.

दुसऱ्या दिवशी चिमणाबाई खोकत आल्या. "आबा, दोन लाल-पिवळ्या द्या की."

आबांना खूप सांगायचं होतं. घड्याळ, पाणी, जंतू, पिलावळ. पण सुरुवात कुठून करावी ते सुचेना, म्हणून त्यांनी व्रण पडलेला अंगठाच त्यांच्या नाकासमोर धरला. चिमणाबाईंनी तो पाहिला, पदर खोचला आणि चालत्या झाल्या.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. चाळीस वर्षांचा शेजार, खोकल्याला दोन गोळ्या मागितल्या, तर आबांनी सरळ अंगठा दाखवला.

"ऐकलासा का, काय बोलत्यात लोकं?" विमलाबाई कळवळून म्हणाल्या.

आबांनी डोळ्यावरचं भिंग काढलं नाही. "खरं हाय की," ते म्हणाले. "ऱ्हायला म्हणून दावला."