विंगेतले ऋषीभाऊ

ऋषीभाऊंसमोर बोलताना माणसाने अडखळू नये. अडखळलं, की पुढचा शब्द ऋषीभाऊ देतात. तोही कुजबुजत, मान तिरकी करून, जणू आपण बोललोच नाही अशा थाटात, आणि वर हळूच म्हणतात, "पकड." समोरचा गोंधळून तो शब्द पकडतो आणि बोलून मोकळा होतो.

यात त्यांचा फारसा दोष नाही. आमच्या जंगलपट्टीत, वडशाकडे, धानाची कापणी आटोपली की गावोगावी रात्रभर झाडीपट्टीची नाटकं चालतात. नट आज या गावात, उद्या त्या गावात. तालमीला वेळ कुणाला? सगळी मदार विंगेत नाटकाचं पुस्तक घेऊन बसलेल्या प्रॉम्प्टरवर. ऋषीभाऊ जन्मभर तिथेच बसले. "वाक्य खाली पडू द्याचं नाई, बाई," हे त्यांचं ब्रीद. ते विंगेबाहेरही सुटलं नाही.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीला पाहायला पाहुणे आले होते. मुलाचे वडील घसा खाकरून म्हणाले, "पोरगी तशी आमाले..." आणि थांबले. कोपऱ्यातून कुजबुज आली, "पसंत हाय. पकड." त्या गृहस्थांनी पकडलं! लगेच साखर वाटली गेली. त्यांना पुढे 'पण' म्हणायचं होतं, हे त्यांनीच नातवाच्या बारशाला सांगितलं.

"मंग? वाईट झालं का जी?" ऋषीभाऊ भजी खात म्हणाले.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गात शेजारच्याला उत्तर सांगणाऱ्या पोरांना मी उभं करते, आणि घराला शेजार मिळाला तो हा. त्यात माझी मयुरी त्यांच्याच नाटक कंपनीत छोट्या भूमिका करायची. तिने अभिनयाच्या शाळेसाठी अर्ज केला, नागपूरला ऑडिशनचं बोलावणं आलं, आणि आमच्या दोघींत करार झाला: एकदाच प्रयत्न करायचा, नाही जमलं तर मुकाट्याने डी.एड. ती हो म्हणाली खरी, पण त्या दिवसापासून तिला जेवण गोड लागेना. मलाही.

ऑडिशनला एक मोठं स्वगत म्हणायचं होतं. तालीम ऋषीभाऊंनी ताब्यात घेतली. आमच्या बैठकीच्या दाराला पडदा लावला, त्यामागे स्टूल टाकून बसले. मयुरी झकास म्हणायची. मला तर भरूनच यायचं. मग एकदा तिने मोबाइलवर स्वतःला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, मी असा कान काऊन देऊन राह्यली?"

खरंच की! दर दोन वाक्यांनंतर तिची मान डावीकडे झुकायची, पडद्याकडे. बोलायची ती रणांगणावरच्या राणीचं, आणि पाहायची भाजीवाला आला का तसं. झाडीच्या रंगमंचावर सगळ्याच नटांचा एक कान विंगेकडे असतो, तिथे कुणाला काही वाटत नाही. नागपुरात वाटलं असतं.

"काका, आता सांगू नोका," मयुरी म्हणाली.

"नाई सांगत," ऋषीभाऊ म्हणाले, आणि तोंडात खर्रा भरला. सुपारी-तंबाखूचा हा घोटलेला ऐवज म्हणजे आमच्या भागात तोंड बंद ठेवायचा हमखास उपाय. तर हे हातवारे करून सांगू लागले. त्यांना अंगणात पाठवलं, तर खिडकीतून कुजबुज आली, शेवटी "पकड"सह. माझा पारा चढला.

"ऋषीभाऊ, तुमच्याच्यानं घडीभर गप्प राहवत नाही! पोरीचं नुकसान करून राह्यले तुम्ही!"

त्यांनी तोंडातला खर्रा थुंकून टाकला. मग म्हणाले, "राहवते जी. उद्या सकाळी घरी या दोघी."

त्यांच्या घरी जाणं आमचं सुटलंच होतं. यमुनाबाईंना, त्यांच्या बायकोला, अर्धांगवायूचा झटका आला, त्यात त्यांचा उजवा हात गेला आणि शब्दही हरवले. भेटायला जायचं तर बोलायचं काय, म्हणून आम्ही लांबूनच हात हलवायचो.

सकाळी गेलो तर त्या ओसरीवर खाटेवर बसल्या होत्या. आम्हाला पाहून चेहरा खुलला. म्हणाल्या, "च... च..."

चहा! हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी ऋषीभाऊंकडे पाहिलं. ते त्यांच्यासमोर बसले होते, हात मांडीवर, नजर त्यांच्या तोंडाकडे. ओठ हलले नाहीत. आत दूध उतू जाऊन करपल्याचा वास आला, तरी उठले नाहीत. यमुनाबाईंच्या कपाळावर घाम आला. मला ते बघवेना.

"चट... चटई," त्या म्हणाल्या. आम्ही दोघी उभ्याच होतो ना!

ऋषीभाऊंनी चटई अंथरली. "पहिले मीबी चहाच सांगत होतो. ते बिचारी पिऊन घेत होती," ते म्हणाले. "नाटकातलं वाक्य पुस्तकात लिहून असते, म्हून मी सांगतो. हिच्या मनातलं कुठी लिहून हाय?"

त्यानंतर मयुरी रोज त्यांच्या ओसरीवर जाऊन स्वगत म्हणायची. ऐकायला दोघं, सांगायला कुणी नाही. तिची मान सरळ झाली.

नागपुरात मी दाराच्या काचेतून पाहत होते. मध्येच ती थांबली. विसरली! पण तिची मान हलली नाही. समोर बघत ती तशीच उभी राहिली, आणि मग शब्द आला. परीक्षकांपैकी एक बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

निवड झाल्याचं कळलं तसे आम्ही पेढे घेऊन ओसरीवर गेलो. मयुरी ऋषीभाऊंच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी," ते म्हणाले, "तू आता..."

आणि थांबले. जन्मभर दुसऱ्यांना शब्द देणाऱ्या या माणसाला स्वतःचा एक सापडेना. माझ्या जिभेवर 'मोठी हो' आलं होतं, मी ते गिळलं. कुणीच काही सांगितलं नाही. वाक्य चांगलं खाली पडलं होतं.

तेवढ्यात खाटेवरून यमुनाबाई बोलल्या. न अडखळता, एका दमात.

"पकड."

ऋषीभाऊ आधी हसले. मग त्यांनी पदराखालचा यमुनाबाईंचा निर्जीव उजवा हात शोधला आणि पकडला.