अजगररावांनी पिठलं चाखलं

एका जंगलात, बाळांनो, सिंहमहाराजांच्या मुदपाकखान्यात पिठल्याची स्पर्धा भरली. जो जिंकेल तो मुख्य आचारी. सिंह पिठलं खातो का, असं मध्येच विचारू नका. गोष्टीतला सिंह आहे, पानात पडेल ते खातो.

साळूमावशी साळिंदर त्या मुदपाकखान्यात वीस वर्षं कांदे चिरत होती. पिठलं करावं तर तिनंच. शेजारच्या जंगलातले उंदीरसुद्धा वासावर यायचे. पण कौतुक नेहमी दुसऱ्याच्याच वाट्याला यायचं. एकदा तरी भर दरबारात आपलं नाव पुकारलं जावं, एवढीच तिची इच्छा होती.

परीक्षक कोण, यावर सकाळपासून सभा चालली.

"अस्वल नको, त्याला गोडाची ओढ."

"माकड नको, ते तिखट बघूनच नाक मुरडतं."

शेवटी अजगरराव म्हणाले, "मी सगळं अख्खं गिळतो. मला आजवर कशाचीच चव लागलेली नाही."

सभेनं टाळ्या वाजवल्या. इतका निःपक्षपाती परीक्षक शोधून तरी सापडला असता का?

स्पर्धेच्या दिवशी मावशीनं वाटीभर पिठलं पुढे ठेवलं. वर लसणाची चुरचुरीत फोडणी. अजगररावांनी ते सुर्रकन गिळलं.

मग नारोपंत तरस आले. नारोपंतांना पिठलं येत नव्हतं. त्यांनी भल्यामोठ्या पितळी हंड्यात पीठ आणि पाणी कालवून आणलं होतं. चूलसुद्धा पेटवली नव्हती. अजगररावांनी ते हंड्यासकट गिळलं आणि तीन दिवस जागचे हलले नाहीत.

चौथ्या दिवशी निकाल लागला.

"साळूबाईंचं पिठलं कधी आत गेलं, कळलंच नाही," अजगरराव म्हणाले. "नारोपंतांचं मात्र अजून पोटात आहे. याला म्हणतात दर्जा!"

नारोपंत मुख्य आचारी झाले. मावशी पुन्हा कांदे चिरायला बसली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, पण समोर कांदे असल्यामुळे कुणी विचारलं नाही. मला मात्र फार वाईट वाटलं.

आठवड्याभरानं, भर दुपारी, सिंहमहाराज पोट धरून मागच्या दारानं आत शिरले.

"मावशी, थोडं पिठलं आहे का हो? आणि हळू बोला. पहिल्या नंबराचा आचारी ठेवलाय, बरं दिसत नाही."

महाराजांनी चार वाट्या चाटूनपुसून खाल्ल्या.

"कसं झालंय, महाराज?"

"झकास! आमच्या आईच्या हातालाही ही चव नव्हती."

"मग निकाल बदला की!"

महाराज दचकले. "छे, छे! परीक्षकांच्या कामात आम्ही तोंड घालत नाही." मग मिशा पुसत, मावशीच्या कानाशी वाकून ते म्हणाले, "पुढच्या वर्षी पुन्हा भाग घ्या. पिठलं अगदी असंच करा. फक्त त्यात एक वरवंटा टाका."

तात्पर्य: मुलांनो, मन लावून स्वयंपाक शिका. तो चोरून खायला मोठमोठी मंडळी येतील. दरबारात नाव पुकारलं जायला हवं असेल, तर मात्र आधी जडसं भांडं बघा.