उन्हात लावून बघितलेला दात

मारतहळ्ळीच्या बाजारात साडीला ब्लाउजपीस जुळवून देण्यात कृष्णाजींचा हात धरणारा कुणी नव्हता आणि रंगाच्या बाबतीत ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत. उद्या त्यांच्या एकुलत्या एका लेकीचा साखरपुडा होता आणि आज सकाळी नेमका चकली खाताना समोरच्या दाताचा तुकडा पडला.

"उद्या फोटोत तोंड मिटून उभे राहिलात, तर व्याह्यांना वाटेल, पोरीचा बाप नाराज आहे," असं बजावून तुंगाबाईंनी नवऱ्याला दातांच्या दवाखान्यात नेऊन बसवलं.

डॉक्टर प्रेमांनी दात तपासला. "चांदीचं फिलिंग मजबूत असतं, पण समोर काळं दिसेल. पांढरं भरू या. ते दाताच्या रंगाचं मिळतं."

"पांढऱ्यात शेड किती?" कृष्णाजी खुर्चीत ताठ बसले.

डॉक्टरांनी नमुने पुढे केले. "आधी दात साफ करते, मग शेड ठरवू."

"छे हो! सकाळचं ऊन गेलं की मॅचिंग चुकतं. सफाई काय, ट्यूबलाइटमध्येही होईल!"

आरसा आणि नमुने घेऊन कृष्णाजी थेट रस्त्यावर गेले. ओठ वर करून एकेक नमुना दाताला लावू लागले. एक रिक्षावाला थांबला, तर त्यालाही त्यांनी मत विचारलं.

"स्वल्प पिवळा घ्या अण्णा," तो म्हणाला.

वर्षानुवर्षांच्या चहाने रंगलेल्या दाताला तंतोतंत जुळणारी शेड अखेर सापडली. डॉक्टरांनी हात टेकले आणि तीच भरली. कुठे भरलंय ते तुंगाबाईंनाही ओळखता येईना.

"सरी, ठीक आहे, आता करा सफाई," म्हणत कृष्णाजींनी खुशीत आ वासला.

सफाई झाली. सगळे दात लख्ख पांढरे झाले आणि मधोमध तेवढा तुकडा हळदीचं बोट लावल्यासारखा पिवळा राहिला.

"हेच सांगत होते मघाशी," डॉक्टर म्हणाल्या. "भरलेलं घासून पांढरं होत नाही. बदलावंच लागेल. पण आता बाहेर पेशंट खोळंबलेत, मोकळी झाले की फोन करते."

घरी येईपर्यंत कृष्णाजी दिसेल त्या काचेत दात बघत होते. पोरीच्या फोटोत आपलंच मॅचिंग चुकावं, याचं त्यांना खरोखर वाईट वाटत होतं.

दुपारी डॉक्टरांचा फोन आला. "लगेच या, पांढरं भरून देते."

तुंगाबाई आनंदाने गॅलरीत धावल्या. तिथे कृष्णाजी गाल फुगवून बसले होते. शेजारी चहाची किटली होती आणि हातात आरसा. त्यांनी तोंडातला घोट गिळला.

"नको म्हणावं त्यांना. बाकीचे जुळत आलेत. तू आणखी दोन कप कडक टाक."