आवाज न करणारा गियर

सायकलच्या गियरबद्दल कोल्हापुरात कुणाला काही विचारायचं असेल तर त्याने सरळ माझ्याकडे यावं, असं माझं गेल्या दसऱ्यापर्यंत प्रामाणिक मत होतं! मी विश्वजित. पॉलिटेक्निकमध्ये यंत्रं शिकवतो. शिवाय तीन महिने रोज जेवताना सायकलचे व्हिडिओ बघितलेत. ताटात भाजी कुठली होती ते आठवणार नाही, पण कुठल्या गियरला दात किती ते झोपेतून उठवलं तरी सांगेन!

प्रश्न साधा होता. नवी रोड सायकल घ्यायची, तर गियर तारेचा की इलेक्ट्रॉनिक? तारेचा म्हणजे आपला नेहमीचा. हँडलवरची खिट्टी दाबली की तार ओढली जाते आणि मागे साखळी खटकन एका चक्रावरून दुसऱ्यावर उडी मारते. इलेक्ट्रॉनिकमध्ये तार नाहीच! बटण दाबायचं, हवेतून हुकूम जातो आणि मागची बॅटरीवरची मोटर साखळी अलगद सरकवते. इतकी अलगद, की कानाला कळत नाही, असं व्हिडिओतला माणूस छातीवर हात ठेवून सांगत होता. मी त्याच दिवशी ठरवलं, इलेक्ट्रॉनिकच!

अनुजाने, म्हणजे माझ्या बायकोने, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच अट घातली.

"महांतेशभावजी 'हो' म्हणाले तर घ्या. नाहीतर विषय बंद."

महांतेश माझा मित्र. मूळचा नेसरीचा, लक्ष्मीपुरीत भांड्यांचं दुकान. अनुजा एकदा त्याच्याकडे कुकर घ्यायला गेली, तर हा गडी स्वतःच म्हणाला, "वैनी, ह्यो घिऊ नका. ह्याची शिट्टी उडती." तेव्हापासून आमच्या घरात त्याचा शब्द शेवटचा! पण हाच महांतेश आठ वर्षं तारेच्या गियरची सायकल चालवतो, तिला रोज धोतराच्या फडक्याने पुसतो, आणि बॅटरी म्हटलं की नाक मुरडतो. "सायकलीला चार्जिंग? उद्या चपलेला लावशीला!"

म्हणून मी बेत आखला. दुकानदाराकडून इलेक्ट्रॉनिक गियरची सायकल दोन दिवस चालवून बघायला आणली. आता खंडेनवमीच्या सकाळी महांतेशला घेऊन पन्हाळा चढायचा, आणि वर पोचेपर्यंत त्याच्या तोंडून 'हो' वदवून घ्यायचा!

आदल्या संध्याकाळी आईने खोडा घातला. "उद्या खंडेनवमी हाय. हत्यारं पूजंला बसत्यात. सायकल बाहीर काढायची न्हाय."

"आई, ती दुकानाची आहे. संध्याकाळी परत द्यायचीय."

"मग तिचं कायतरी बारकं पूजंला ठेवू का?"

मी घाटात गियर कधी बदलावा याचा व्हिडिओ बघत होतो. म्हटलं, "हां हां, ठेव तुला पाहिजे ते."

सकाळी साडेपाचला उठून बघतो तर तिवईवरचा चार्जर रिकामा. म्हणजे बॅटरी मी रात्रीच सायकलला लावली असणार! माझी शिस्तच तशी. सायकलच्या मागे बघितलं, काळं चौकोनी काहीतरी जागच्या जागी दिसलं. झालं, निघालो!

शिवाजी पुलावर महांतेश आणि पिराजीअण्णा आपापल्या सायकली घेऊन वाट बघत होते. पिराजीअण्णा एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं गियरच्या दांड्याशी कुस्ती खेळलेला माणूस. मी दोघांच्या मधे सायकल घेतली आणि म्हणालो, "आता नीट ऐका हं. गियर बदलतो!"

बटण दाबलं. हँडलवरचा इवलासा हिरवा दिवा चमकला.

"बदलला?" महांतेशने विचारलं.

"बदलला!"

"आयला! आवाजच न्हाय की!"

"साखळीबी हललेली दिसली न्हाय," अण्णा वाकून बघत म्हणाले.

"इतकी चपळ असते अण्णा! डोळ्याला दिसतच नाही."

खरं सांगतो, माझ्या पायांनाही काही कळलं नाही. गियर लोण्यासारखा बदलतो हे ऐकलं होतं, पण इतका? मी भारावून गेलो. ज्याने कोणी हा गियर बनवला, त्याच्या पाया पडावंसं वाटलं! केर्लीपर्यंत मी तेरा वेळा गियर बदलला. चढाचा केला, उताराचा केला, उगीचच केला. दर वेळी हिरवा दिवा लागायचा आणि दर वेळी अण्णा आ वासायचे.

"माझ्या एस्टीचा गियर पडला की मागच्या शिटावरची म्हातारी जागी व्हायची, मास्तर! आणि ह्यो बघा. देवाघरचा गियर हाय ह्यो!"

महांतेश शेजारून सायकल मारत होता. पण त्याची नजर स्वतःच्या तारांवरून माझ्या हँडलकडे परत परत वळत होती. मी मनात म्हटलं, आलाच हा वाटेवर!

वाघबीळला घाट लागला. मी ऐटीत सोप्या गियरचं बटण दाबलं. पायाखाली काही हललं नाही. परत दाबलं. दिवा चमकला, पण पेडल आपलं दगडासारखं जड. आणखी चार वेळा दाबलं. मग पहिल्यांदा मी मान वळवून मागे नीट बघितलं, आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

बॅटरीच्या जागी प्लॅस्टिकचा ठोकळा होता! बॅटरी चार्जिंगला काढली की तिथे धूळ जाऊ नये म्हणून कंपनी देते तो. काल रात्री मीच बसवलेला, माझ्या ह्याच हातांनी! म्हणजे पुलापासून इथपर्यंत गियर एकदाही बदललेला नव्हता. हँडलच्या बटणाला स्वतःचा वेगळा सेल असतो, म्हणून बिचारा दिवा तेवढा लागत होता. आणि सायकल अडकली होती सपाट रस्त्याच्या जड गियरमध्ये.

आता काय करायचं? खरं सांगावं, तर महांतेश तिथल्या तिथे 'नाही' म्हणणार, अनुजा विषय बंद करणार आणि तीन महिन्यांचा अभ्यास पाण्यात! मी ओठ घट्ट मिटले आणि पेडलवर उभा राहिलो.

पहिलं वळण होईपर्यंत माझ्या मांड्या बोलायला लागल्या. दुसऱ्या वळणाला त्या ओरडायला लागल्या. एकेक पेडल म्हणजे खोल विहिरीतून ओढलेली एकेक भरली घागर! शेजारी महांतेश खटक, खटक करत गियर सोपे करत आरामात चाललेला.

"विश्वा, उभा का ऱ्हायलायस?"

"स्टाइल आहे ही!"

"तोंड लालबुंद झालंय की तुझं!"

"ऊन!"

"ऊन? अरं, धुकं हाय!"

मी सरळ चढायचं सोडून रस्त्याच्या ह्या कडेहून त्या कडेला जायला लागलो.

"आणि असा वाकडातिकडा का चाललायस?"

"वारा कापतोय!" मी कसंबसं म्हणालो. वाऱ्याचा पत्ता नव्हता.

मागून एक गाडी आली. काच खाली झाली, आतून एका काकूंनी डोकं काढलं. "पावणं, बसतासा काय? सायकल टपावर बांधूया!" मी मान हलवली. बोलायला श्वास कुठे होता! पण अधूनमधून बटण मात्र न चुकता दाबत होतो. हिरवा दिवा दिसला पाहिजे ना!

आणि गंमत बघा, महांतेश खरंच विरघळत चालला होता. शेवटच्या वळणावर तो कौतुकाने म्हणाला, "मी खटाखटा किती येळा बदललो, मोजायची सोय न्हाय. तू आवाज न करता माझ्याबरोबरीनं आलास. मानलं बाबा!"

नाक्याजवळच्या टपरीशी पोचलो तेव्हा मला सायकलवरून उतरता येईना. पाय उचलतच नव्हता. अण्णांनी मला काखेत धरून पोत्यासारखं उतरवलं आणि बाकावर ठेवलं. मी चहाचा कप धरला, तर निम्मा चहा बशीत आणि निम्मा शर्टावर.

महांतेश मात्र उभाच होता. आपल्या जुन्या सायकलच्या हँडलवरून हळूहळू हात फिरवत होता. मग त्याने खिशातून मोबाइल काढला.

"विश्वा, माझा 'हो' हाय. वैनींना सांग. आणि मीबी घेतो असलीच. मलकापुरात सोमेश म्हणून हाय एक, कवापासनं माझी सायकल मागतोय. आत्ताच देऊन टाकतो त्याला."

 मला 'हो' मिळाला होता, पण कसला 'हो' तो! आठ वर्षं पुसलेली सायकल हा भला माणूस माझ्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यापायी विकायला निघाला होता. स्वतःच्या दुकानातला कुकर घेऊ नका म्हणणारा माणूस! मला स्वतःची अगदी लाज वाटली.

"महांतेश, थांब. एक सांगायचंय..."

तेवढ्यात माझा फोन वाजला. माझा हात मागे पोचेना म्हणून अण्णांनीच तो माझ्या शर्टाच्या पाठीवरच्या खिशातून काढला, आणि जुनी सवय, आधी स्पीकर लावला. आईचा आवाज अख्ख्या टपरीत घुमला.

"इश्वा! तुझं सायकलीचं ते काळं डबडं पूजंला ठेवलोय बघ! तिवईवरचं! तुझ्या पान्याशेजारी मांडलंय, झेंडूचं फूल वाहिलंय. पर त्येच्या पितळी टोकात हळद-कुकू गेलंय. चालतंय न्हवं? आणि आता उद्यापतूर हलवायचं न्हाय, सांगून ठेवतो!"

 टपरीवाल्या शालूबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. महांतेशने मोबाइल खिशात टाकला, माझ्या सायकलजवळ गेला, खाली बसला आणि तो ठोकळा बोटांनी उचकटून हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला.

"म्हंजे केर्लीपतूर गियर बदललाच न्हाईस?"

"नाही."

"आणि घाट?"

"तोही तसाच. त्याच एका गियरवर."

मी मान खाली घालून शिव्यांची वाट बघायला लागलो. आणि महांतेशने मला मिठी मारली! बाकावरून अक्षरशः उचललंच!

"अरं वाघ हाईस का कोण हाईस! जड गियरवर पन्हाळा? मी तर गियर असून दमलो! अण्णा, ऐकलासा काय?"

अण्णांनी मला खाडकन सलाम ठोकला. शालूबाईंनी माझ्यापुढे न मागता झुणका-भाकर आणली, वर लोण्याचा गोळा! मघाच्या गाडीतल्या काकू तिथेच चहाला थांबल्या होत्या, त्यांनी माझ्याबरोबर फोटो काढला. फसवणूक सगळे विसरले. राहिले ते फक्त माझे पाय, आणि त्यांचं कौतुक! आता मला सांगा, अशा वेळी माणसाने किती नम्र राहायचं? मीही हळूहळू ताठ बसायला लागलो. मांड्या दाबून दाखवू लागलो!

दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "बॅटरी पूजेला बसली? मग ऱ्हाऊ दे की. सायकलीसकट परवा आणा, मास्तर."

"आणि वैनींना मी सांगतो," महांतेश म्हणाला. "असला नवरा नशिबानं मिळतोय." तो फोन घेऊन लांब जाऊन बराच वेळ बोलला. मी लोणी खात होतो, म्हणून ऐकलं नाही. तिथेच चुकलं!

घरी आलो. अनुजा दारातच उभी. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण तिने माझ्याकडे इतक्या कौतुकाने कधी बघितलं नव्हतं!

"भावजींनी सगळं सांगितलं. मला खरंच अभिमान वाटला हो तुमचा!"

मी मिशीवरून हात फिरवला. "मग? भावजी 'हो' म्हणाले ना?"

"म्हणाले की! मीच विचारलं त्यांना. म्हटलं, गियर न बदलता जो माणूस पन्हाळा चढतो, त्याला तारेचा काय आणि बॅटरीचा काय, गियर हवाच कशाला? बिनगियरची घेऊ का? तर म्हणाले, 'वैनी, डोळं झाकून घ्या!' दुकानात सांगून आले सुद्धा मी. उद्या मुहूर्तावर येतीय."

सायकल आली. काळीभोर, दणकट, मागे स्टँड, पुढे घंटी. चांगली आहे, खोटं कशाला बोलू! गियर तारेचा घ्यावा की इलेक्ट्रॉनिक, असं अजूनही लोक मला थांबवून विचारतात. मी त्यांना दोन्हींचे फायदे अगदी सविस्तर सांगतो. फक्त सांगताना दळणाचा डबा कॅरिअरवरून घसरू नये म्हणून एका हाताने तो धरून ठेवावा लागतो.