गर्जे मास्तरांची चौकशी

बैल दिसला की गर्जे मास्तर आधी त्याच्या आईची चौकशी करत. घोडेगावच्या बाजारात मी महामुश्किलीनं गिऱ्हाईक वळवलेलं असे, उपरण्याखाली आमच्या बोटांनी मुक्यानंच भाव ठरत आलेला असे, आणि हे बैलाच्या कानाशी येऊन विचारत, "ह्याचे आई-बाप एकाच गोठ्यातले न्हवते ना?" गिऱ्हाईक हात काढून घेई. मग मी मास्तरांना जे बोलत असे ते छापण्याजोगं नाही.

आडनाव गर्जे, पण आवाज इतका हळू की गाईनंही कान टवकारून ऐकावा. हायस्कुलात जीवशास्त्र शिकवत, खोली घेऊन एकटेच राहत, घर पाथर्डीला. दुपारी बाजार पेंगला, धूळ उन्हात तरंगायला लागली, की माझ्या बैलगाडीच्या चाकाला टेकून ते सांगत, शरीरातही असाच मुका व्यवहार चालतो. एक पेशी रक्तातून निरोप धाडते, दुसरी तो चाचपून ओळखते. ओळखणारा हात कसा घडवायचा ते जनुकात असतं, आणि जनुकं आई-बापाकडून येतात. "हातच नीट घडला न्हाई, आबा, तर निरोप नुसता हिंडत राहतो." ऐकता ऐकता माझा डोळा लागे. स्वप्नात लाल पाण्यातून बोटं वाहत जात, कुणाला तरी शोधत.

दुष्काळाच्या आदल्या साली माझ्या सोपानचं त्याच्या मामाच्या मुलीशी ठरलं. सुपारी फुटायच्या बैठकीत मास्तरांनी तीच चौकशी काढली: घरात मामाच्या पोरी किती आल्या, कुणाचं मूल कसं निघालं. मेहुणा ताटावरून उठला. सोयरीक मोडली ती मोडलीच. माझा राग अजून आहे.

मास्तर सुट्टीला घरी गेले, तशी मी पाथर्डीची एस्टी धरली.

दाराची कडी माझ्या गुडघ्याशी होती. माठ, आरसा, फळी, सगळं जमिनीलगत. मास्तर खाली बसून आपल्या मुलीशी गप्पा मारत होते. चेहरा विशीतला, उंची पाच वर्षांच्या पोरीची. मला बघून ती चुलीकडे गेली.

"माझ्या पोराचं लगीन मोडून तुमाला काय मिळालं, मास्तर?"

"मुंबईला हिचं रक्त तपासलं," मास्तर म्हणाले. "वाढायचा निरोप रक्तात भरपूर हाय. अंगच तो ओळखत न्हाई." मग आणखी हळू, "हिची आई माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्या सुपारीत कुणी विचारलंच न्हाई, आबा."

मामाची पोर केली म्हणून काय दर घरात वाईटच होतं का, हे विचारायचं मी येतानाच घोकून ठेवलं होतं. तेवढ्यात ती चहा घेऊन आली. मी उभाच होतो. कप माझ्यापर्यंत पोचावा म्हणून तिनं दोन्ही हात डोक्यावर उचलले.

मी खाली बसलो.